डावा काटा

१

माझे सासरे बोझिदार यांनी तो रिसीव्हर सत्त्याहत्तर साली जर्मनीहून आणला. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत, दोन्ही बाजूंना अक्रोडाचं लाकूड, पुढे चांदीसारखी पट्टी, वजन चौदा किलो. श्टुटगार्टपासून आमच्या नीश शहरापर्यंत आगगाडीत ते तो कांबळ्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. हद्दीवर कस्टमवाल्याने विचारलं, कांबळ्यात काय आहे, तर म्हणाले, मूल आहे, आत्ताच झोपलंय. हा कस्टमवाला मी गोष्टीत नंतर घातला. सासऱ्यांना तो आवडला आणि पुढे तेही तसंच सांगायला लागले.

नंतर कधीतरी रिसीव्हर बंद पडला आणि पंधरा वर्षं बंदच राहिला. त्यावर क्रोशाचा रुमाल आला, रुमालावर कुंडी आली. ऑगस्टच्या शेवटी सासरे गेले. जाण्याच्या चार दिवस आधी इस्पितळात मला जवळ बोलावून म्हणाले, "तोझा, जन्मभर थापा मारल्यास. आता एक खरं काम कर. तेवढा रेडिओ चालू करून यागोदाला दे."

यागोदा म्हणजे त्यांची धाकटी लेक, माझी बायको. मी तिला निरोप सांगितला. ती म्हणाली, "दुरुस्त कर. पण चाळीस दिवस होईपर्यंत लावायचा नाही."

हे सांगायची खरं तर गरज नव्हती. आमच्याकडे माणूस गेलं की चाळीस दिवस घरात रेडिओ नाही, टीव्ही नाही, गाणं नाही, गुणगुणणंसुद्धा नाही. का, ते कोणी विचारत नाही. चाळिसाव्या दिवशी कबरीवर मेणबत्ती लावायची, लोकांना जेवू घालायचं, मग घराचं तोंड उघडतं. मी मनात ठरवून टाकलं की त्या दिवशी जेवणं उरकून सगळे गेले की यागोदाने स्वतःच्या हाताने बटण दाबायचं. तोवर पेटी तयार हवी.

२

जुने रेडिओ घरी उघडून बसणं हा माझा तीस वर्षांचा नाद. आमचं बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर. बाल्कनीला काचा लावून मी तिथे टेबल टाकलंय. टेबलाच्या मधोमध रिसीव्हर, त्याच्या डावीकडे स्वयंपाकघराची खिडकी, उजवीकडे माझं स्टूल. सप्टेंबर असल्यामुळे सगळ्या इमारतीत लाल मिरच्या भाजल्याचा वास कोंडला होता. खिडकीपलीकडे यागोदा काळे कपडे घालून मिरच्या सोलत असे, अलीकडे मी कंडेन्सर उपटत असे.

कंडेन्सर सुकलेल्या जर्दाळूसारखे झाले होते. सगळे बदलले. बटणांखालची पंधरा वर्षांची धूळ काढली. पट्टीमागचे विझलेले दिवे बदलले. सुतकाच्या पंधराव्या दिवशी वीज द्यायची वेळ आली.

इतकं जुनं यंत्र थेट भिंतीला जोडत नाहीत. वाटेत एक साधा बल्ब ओळीने लावायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भडकतो आणि यंत्र वाचतं. बल्ब एकदा लखकन पेटून मंदावला, तर आत सगळं ठीक. आणि दुसरा नियम असा की वीज चालू असताना एकाच हाताने काम करायचं, दुसरा खिशात, म्हणजे झटका छातीतून जात नाही. मी हात खिशात घालून बटण दाबलं. बल्ब पेटला, मंदावला. पट्टी पिवळसर उजळली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

नवे कंडेन्सर बसले की पेटी काही दिवस सतत तापत ठेवावी लागते. म्हणून मी ती बंद केली नाही. दुपारी यागोदाने खिडकीतून पाहिलं.

"लावलास?"

"लावला नाही. वीज दिलीय."

"म्हणजे लावलास."

"अगं, स्पीकर कुठेयत? दाखव. एरिअल कुठेय? स्पीकरच्या जागी हे दोन रेझिस्टर आहेत, ते नुसते गरम होतात. हा रेडिओ नाही, तापणारा डबा आहे. सुतकात तू इस्त्री लावतेस की नाही?"

"देवासमोरसुद्धा तू वकिली करशील, तोझा."

"देवासमोर जरा चांगली करीन."

ती हसली नाही. बाबा गेल्यापासून ती हसलीच नव्हती. पण तिने प्लगही काढला नाही. आवाज नाही म्हणजे चालू नाही, अशी पळवाट रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसालाच सुचू शकते. मला ती फार हुशारीची वाटली होती.

३

पट्टीवर दोन चौकोनी खिडक्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक काटा. डाव्या स्पीकरकडे किती आवाज जातोय ते डावा काटा दाखवणार, उजव्याकडचा उजवा. आवाज नसेल तेव्हा दोघांनी शून्यावर पडून राहायचं.

अठराव्या दिवशी सकाळी डावा काटा उचलला गेला. उचलला, थरथरला, खाली बसला, पुन्हा थोडा उचलला. मग पडला.

मी मनात म्हटलं, सोल्डर सुटलंय. पेटीत डोकं घातलं. तेवढ्यात खिडकीतून यागोदा म्हणाली, "तोझा, कॉफी घेणारेस की नंतर?" मी म्हटलं नंतर.

थोड्या वेळाने काटा पुन्हा हलला. एक मोठा झटका आणि मागोमाग लहान लहान थरथर. मी सोल्डर शोधत होतो. स्वयंपाकघरात झाकण पडलं आणि फरशीवर गरगरत राहिलं.

जुन्या यंत्रांचे काही भाग आसपासचा आवाज पकडतात. टेबलावर टिचकी मारली तर काटा हलतो. यात काही नवल नाही. नवल एवढंच होतं की आधी काटा हलत होता आणि मग झाकण पडत होतं. मी मनगटावरचं घड्याळ टेबलावर काढून ठेवलं. दुपारपर्यंत सात वेळा मोजलं. नऊ सेकंद. दर वेळी नऊ.

आवाज व्हायच्या आधी तो ऐकणारा कंडेन्सर मला तरी बाजारात मिळालेला नाही. मी पेटी बंद केली, जेवलो आणि पुन्हा चालू केली. तुम्हीही केली असतीत.

४

उजवा काटा माझा होता. हे दुसऱ्या दिवशी कळलं. तो तीनदा झटक्याने उठला आणि मी ओळखलं की हा खोकला आहे. म्हटलं, बघू या कोण खोकतंय ते. तोंड मिटलं, नाक दाबलं, घड्याळाकडे बघत बसलो. सेकंद आता चाळीसवर गेले होते. पस्तिसाव्या सेकंदाला सोल्डरचा धूर नाकात गेला की नाही मला आठवत नाही, पण चाळिसाव्याला मी खोकलो. तीनदा. हातात घड्याळ असताना.

रोज अंतर वाढत होतं. चाळीस सेकंद, मग चार मिनिटं, मग पाव तास. काट्यांच्या चाली मला अक्षरांसारख्या वाचता यायला लागल्या. यागोदाचं शिंकणं, दाराची घंटा, अडकणारा चमच्यांचा खण. आणि अंगातली थापेबाजीची खोड म्हणाल तर ती काही सुतक पाळत नाही.

शेजारचा रांजेल रोज सकाळी राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, प्यायला यायचा. सुतकाच्या घरात पेले एकमेकांना लावायचे नसतात. तो दोन थेंब फरशीवर सांडायचा, "बोझिदारला शांती मिळो," म्हणायचा आणि उरलेलं एका घोटात संपवायचा.

मी म्हटलं, "रांजेल, आता बारा मिनिटांनी यागोदा एक बरणी फोडणार."

"तुझी जीभ झडो."

"आणि त्यानंतर लगेच तुझी बायको घंटा वाजवणार. दोनदा. रागात."

"ती बाजारात गेलीय. मागच्या आठवड्यात म्हणालास, तुझ्या मामाने अस्वलाला बुद्धिबळ शिकवलं. तेच बरं होतं."

बारा मिनिटांनी बरणी फुटली. पाठोपाठ घंटा, दोनदा. दारात त्याची बायको उभी, हातात पिशव्या. "किल्ली घेऊन इथे ढोसत बसलायस होय रे मेल्या!"

रांजेलने पेला खाली ठेवला. मग यागोदाकडे बोट दाखवून ओरडला, "तुम्ही दोघं मिळून करताय हे! बरणी मुद्दाम फोडलीस तू वहिनी! माझ्या बायकोलाही फितवलंत!"

आणि यागोदा हसली. हातात काचा धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चोवीस दिवसांनी. ते हसू मी पाव तास आधी डाव्या काट्यात पाहिलं होतं आणि मला ते वाचता आलं नव्हतं. मला ते रडणं वाटलं होतं.

त्यानंतर मी पेटी बंद करायचा विचार सोडून दिला.

५

तिसाव्या दिवशी कळलं की अंतर बरोबर एका दिवसावर येऊन थांबलंय. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी अकराला डाव्या काट्याने तीन शिंका दाखवल्या होत्या. तिसाव्या दिवशी अकराला यागोदा तीनदा शिंकली. म्हणजे आता पेटी बघितली की उद्याचं घर दिसणार.

दुपारी मी स्टुलावर बसून उद्याचा दिवस बघत होतो. दुसरं कामच नव्हतं. चार वाजून वीस मिनिटांनी उजवा काटा हलला.

लहान, मोठा, लहान. मग थांबला.

पुन्हा लहान, मोठा, लहान.

हे मला कोणी शिकवायला नको होतं. तेवीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारला असेल. या-गो-दा. मी तिला हाक मारत होतो.

डावा काटा शून्यावर.

तिसरी हाक जरा मोठी होती. चौथी त्याहून मोठी. मी डाव्या खिडकीच्या काचेवर टिचकी मारली, काटा कुठे अडकलाय का पाहायला. अडकलेला नव्हता. पाचवी हाक, सहावी. सातव्या हाकेला उजवा काटा शेवटच्या खुंटीवर जाऊन आपटला आणि तिथेच थरथरत राहिला. डावा हलला नाही. थापा मारणारा माणूस असूनही मी इतका ओरडणारा नाही. इतकं ओरडायला काय झालेलं असावं लागतं, याचा विचार करायला लागलो आणि अर्ध्यात थांबलो.

मी पेटी बंद केली. त्यापुढचं बघायची छाती झाली नाही.

खिडकीपलीकडे यागोदा मिरच्यांची सालं गोळा करत होती. "काय झालं रे? तोंड का असं?"

"फ्यूज उडाला," मी म्हटलं.

६

मग डोकं चालवलं. डावा काटा म्हणजे स्वयंपाकघर. उद्या चार वीसला स्वयंपाकघरात यागोदाचा आवाज नसणार. ठीक. आवाज नसण्याचं एक साधं कारण असू शकतं. ती घरातच नसेल. मग ती घरात नसूच दे. आणि हाक मारायची वेळ आलीच तर ती इथे नसताना मारलेली बरी.

घरून केला तर यागोदा ऐकेल, म्हणून मी खाली टपालकचेरीत जाऊन तिच्या बहिणीला, वेरित्साला, फोन लावला. वेरित्सा पिरोतला असते, बसने दीड तास.

"वेरित्सा, तुझी कंबर धरलीय."

"माझी कंबर ठणठणीत आहे."

"उद्या संध्याकाळपर्यंत नाही. घरी मिरच्यांची पोती पडलीयत आणि तुला वाकता येत नाहीये. यागोदाला बोलावून घे. का ते विचारू नकोस."

"बाई आहे का कोणी, तोझा?"

"चोपन्नाव्या वर्षी? या पोटाला?"

"मग काय?"

मला खोटं सुचलं नाही. माझ्या आयुष्यात असं क्वचित होतं. मी म्हटलं, "ती इथे एकटी राहून बाबांसाठी झुरते गं. एक दिवस तुझ्याकडे राहू दे." वेरित्सा विरघळली. मग म्हणाली, "बरं. पण कंबर डावीकडून धरलीय की उजवीकडून, ते एकदा ठरवून घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या बसमध्ये मी यागोदाला बसवून आलो. बस वळणापलीकडे जाईपर्यंत उभा होतो. दुपारी दोनला तिचा पिरोतहून फोन आला. "वेरित्सा बरणी उचलताना ठीक असते आणि मी बघितलं की कंबर धरते. तुझा हात आहे ना यात?" मी म्हटलं, "माझा हात खिशात आहे." तिने साडेपाचच्या बसने निघते म्हणून सांगितलं.

ती तिथे होती. बोलत होती, चिडत होती. माझी निम्मी भीती तिथेच उतरली.

७

चारला मी बाल्कनीत येऊन बसलो. पेटी बंदच ठेवली, प्लगसुद्धा काढून ठेवला. काट्याला खोटं पाडायचं तर हाक मारायची नाही, एवढंच. म्हणून मी तोंडात पाण्याचा घोट धरून बसलो. गाल फुगवून, शाळेत बाकावर उभं केल्यासारखा. रांजेलने बघितलं असतं तर जन्मभर पुरलं असतं त्याला.

चार वाजून एकोणीस मिनिटांनी स्वयंपाकघरात नळ सुटला.

नळ बंद झाला. सपाता घासत ओट्याकडे गेल्या. चमच्यांचा खण अडकला, हिसका देऊन उघडला. कॉफीचं भांडं शेगडीवर टेकलं. हे आवाज मी झोपेतही ओळखीन. ती आधीच्याच बसने आली, न सांगता, मला पकडायला. दुसरं काय असणार? मी पाणी गिळलं.

"यागोदा?"

उत्तर नाही. कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"यागोदा!"

तिसऱ्या हाकेला माझ्या लक्षात आलं की मी काय करतोय. लहान, मोठा, लहान. पण हाका थांबेनात. त्या खोकल्यासारख्याच येत होत्या. आणि मला आठवलं की काल याच मिनिटाला डावा काटा शून्यावर होता. चमचा पडला तरी उचलणारा तो काटा. आता नळ, खण, सपाता, कप, सगळं मला कानांनी ऐकू येत होतं आणि काट्याला यातलं काहीही ऐकू आलेलं नव्हतं. त्याच्या लेखी स्वयंपाकघर रिकामं होतं.

सातवी हाक मी कशी मारली ते सांगत नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

"अरे आले, आले. काय ओरडतोस?"

आवाज तिचाच. तोच चढ, तोच कंटाळा.

खिडकीला अर्धा पडदा आहे. त्याच्याखालून ओट्याची कड दिसते, फक्त एक वीतभर. तिथे एक हात टेकलेला होता. काळी बाही, बोटात तिची अंगठी, नखांखाली मिरचीचा लाल रंग. हात मुळीच हलत नव्हता, आणि त्याच वेळी कॉफी ढवळल्याचा आवाज येत होता. मी त्या हाताकडे बघत होतो. ढवळणं चालूच होतं. मग कप उचलले गेले. हात होता तिथेच, तसाच.

मी तोंड फिरवलं.

८

दिवाणखान्यात फोन वाजायला लागला. मी उठून गेलो. पाय आपले आपण गेले म्हणा. खुर्चीत बसलो, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून, आणि फोन उचलला.

"तोझा, मी आहे. साडेपाचची बस रद्द झालीय, पण पाचची मिळतेय. आत्ताच निघते. पाव आणून ठेव." मागे पिरोतचं स्टँड ऐकू येत होतं, कोणीतरी खिडक्या बंद करा म्हणून ओरडत होतं.

माझ्या मागून आवाज आला, "कोणाचा फोन आहे रे?"

तारेच्या त्या टोकाला यागोदा थांबली. "कोण बोललं?"

मी फोनची तार बोटाभोवती गुंडाळली.

"तोझा, घरात कोण बाई आहे?"

पाच वाजता बस. साडेसहाला ती जिना चढणार, किल्ली लावणार, थेट स्वयंपाकघरात जाणार, नेहमीसारखी. बाई आहे म्हटलं असतं तर ती आणखी लवकर आली असती, टॅक्सी करून. आजारी आहे म्हटलं असतं तरी आली असती. रांजेलची बायको आली आहे म्हटलं असतं, तर तिने फोन तिला द्यायला सांगितलं असतं. एकच खोटं होतं जे ऐकून ती आली नसती.

"रेडिओ," मी म्हटलं.

"कुठला रेडिओ?"

"बाबांचा. लावलाय मी. स्पीकर जोडून. नाटक चालू आहे."

मागे स्टँडवर एक बस भोंगा वाजवून निघाली.

"एकतीस दिवस झालेत," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "एकतीस, तोझा. तुला त्यांनी मुलासारखं वागवलं."

"माहितीय."

"मी तिकडे असते तर लावला असतास? मला मुद्दाम इकडे पाठवलंस. यासाठी."

"हो."

"सांग की थाप आहे. एवढी सांग. मी काही म्हणणार नाही."

सपाता दारापर्यंत आल्या होत्या. कॉफीचा वास आला नाही.

"थाप नाही," मी म्हटलं. "फार छान वाजतोय."

ती रडत होती. तोंडावर हात ठेवून रडायची सवय आहे तिला, बाहेर फक्त श्वास येतो. मग म्हणाली, "चाळीस होईपर्यंत मी त्या घरात पाय ठेवणार नाही. चाळिसाव्याला वेरित्साबरोबर परस्पर कबरस्तानात येईन. तिथे ये नाहीतर नको येऊस."

"येईन," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला. मी तो तसाच कानाशी धरून बसलो, जणू अजून बोलतोय. माझ्या कोपराशी टेबलावर एक कप आला. शेजारी दुसरा. समोरची खुर्ची सरकली.

"काय म्हणत होती?" तिने विचारलं.

मी मान वर केली नाही. कॉफी थंड होती, साखर बरोबर होती. मी प्यालो. अजून नऊ दिवस काढायचे होते.